शहर बदलले, संडासाची रांग तीच राहिली

महामारीत पुण्याने काय केले आणि पुढच्या वेळेसाठी वस्तीने आजच काय तयार ठेवावे

९ मार्च २०२० रोजी पुण्यात बातमी आली. दुबईची सहल करून परतलेल्या एका जोडप्याला कोरोना निघाला होता. महाराष्ट्रातले हे पहिले रुग्ण. त्यांना महापालिकेच्या नायडू रुग्णालयात ठेवले. दुसऱ्या दिवशी १० मार्च होता, सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. आम्ही वस्तीत दरवर्षीप्रमाणे फोटोला हार घातला, दोन शब्द बोललो आणि मग सगळे बोलणे त्या बातमीवर आले. "हा विमानाने फिरणाऱ्यांचा आजार. आपल्याला काय होतंय?" असे आमच्यातलेच अनेक जण म्हणाले. आम्हालाही तसेच वाटत होते. थोड्याच आठवड्यांत तो आजार आमच्या गल्लीत आला.

खरे तर त्या दिवशी आम्हाला दुसरी गोष्ट आठवायला हवी होती. सावित्रीबाई साथीतच गेल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. हडपसरजवळ त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मार्च २०२० मध्ये सरकारने महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू केला, तोही त्याच १८९७ सालचा. म्हणजे शहर तेच आणि कायदाही तोच. आजारी माणसाला वस्तीतून उचलून दवाखान्यापर्यंत कोण नेणार, हा प्रश्नही तोच होता.

आज मास्क कपाटात गेले आहेत. कोरोनाचे नाव काढले की लोक विषय बदलतात. पण साथ पुन्हा येणारच नाही, असे कोणी सांगू शकत नाही. म्हणून त्या दोन वर्षांत पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघराने आपल्या सेवा आणि कार्यक्रम कसे बदलले, त्यातले वस्तीपर्यंत काय पोहोचले आणि काय पोहोचले नाही, हे आम्ही या वेळी आरोग्य पानावर मांडत आहोत.

विद्यार्थ्यांचे शहर रिकामे झाले

पुण्याचे निम्मे पोट विद्यार्थ्यांवर चालते म्हटले तरी चालेल. सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ या भागांत कॉट बेसिसवर राहणारी, अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हजारो पोरे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली. त्यांत आपलीही पोरे कमी नाहीत. मार्चच्या मध्यात शाळा-महाविद्यालये बंद झाली, मग अभ्यासिका, मग खानावळी. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. ज्यांना वेळेत निघता आले ते गावी गेले. बाकीचे एका खोलीत चार-चार जण अडकले. मे महिन्यात एसटीच्या गाड्या लावून त्यांना आपापल्या जिल्ह्यांत सोडण्यात आले.

पोरे गेली आणि त्यांच्यामागे वस्तीतल्या बायकांची कामे गेली. मेसच्या पोळ्या लाटणाऱ्या, डबे करणाऱ्या, वसतिगृहात झाडलोट करणाऱ्या, बंगल्यांत धुणी-भांडी करणाऱ्या अशा सगळ्यांचा पगार एका आठवड्यात बंद झाला. घरातला आजार नंतर आला, घरातली चूल आधी अडली. या काळात शिवभोजन थाळी पाच रुपयांना मिळू लागली, पुढे दुसऱ्या लाटेत ती मोफत झाली. रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य सुरू झाले. ज्यांचे कार्ड चालू होते त्यांना त्याचा आधार झाला. ज्यांचे कार्ड गावाकडे होते, किंवा सुनेचे-नातवाचे नाव चढवायचे राहिले होते, त्यांची फरफट झाली.

शिकायच्या जागा दवाखाने झाल्या

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शहराने मनावर घेतले की काय काय हलू शकते, हे आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिले. महाविद्यालयांच्या रिकाम्या वसतिगृहांत आणि क्रीडासंकुलांत कोविड सेंटर उघडली. महापालिकेच्या शाळांच्या वर्गांत दाट वस्त्यांतल्या लोकांना तात्पुरते राहायला नेले. शिवाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या मैदानावर ८०० खाटांचे जम्बो रुग्णालय उभे राहिले. २३ ऑगस्ट २०२० ला त्याचे उद्घाटन झाले. सुरुवातीला तिथल्या कारभारावर कडक टीका झाली, नंतर व्यवस्था सुधारली. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा सुरू करावे लागले.

पीएमपीची बस सर्वसामान्यांसाठी मार्चमध्ये थांबली ती ३ सप्टेंबर २०२० ला पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत कामाला जाणाऱ्यांनी सायकली काढल्या किंवा पायी वाट धरली. खाट कुठे रिकामी आहे हे मोबाईलवर दिसायला लागले. विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबरमध्ये झाल्या आणि बहुतेकांनी त्या मोबाईलवर किंवा संगणकावर दिल्या. शाळा मोबाईलवर, परीक्षा मोबाईलवर, पुढे लसीची नोंदणीही मोबाईलवर. घरात एक फोन, तोही कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात, आणि शिकणारी पोरे तीन. सेवा ऑनलाइन झाली म्हणजे सगळ्यांपर्यंत पोहोचली, असे होत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे हाल वेगळेच. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत १४ मार्च २०२१ वर आली. परीक्षेला तीन दिवस उरले असताना तीही पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी नवी पेठेत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. वयाची मर्यादा जवळ आलेल्या, घरून पैसे मागायची लाज वाटणाऱ्या पोराला हे एक वर्ष किती जड गेले असेल, याचा विचार करा. मनाच्या आजाराला तेव्हा ना स्वॅब होता ना सेंटर.

सण बदलले, कोणाचे काही बिघडले नाही

पुणे म्हणजे कार्यक्रमांचे शहर. तेही बदलले. आषाढी वारीत लाखो लोक पुण्यातून चालत जातात. २०२० साली ज्ञानेश्वर आणि तुकारामांच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या. गणेशोत्सवात मंडळाच्या मूर्तीला चार फुटांची आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा आली, मिरवणुका निघाल्या नाहीत. विसर्जनासाठी महापालिकेने फिरते हौद गल्लीत पाठवले.

आपल्याकडे तर त्याच्याही आधी परीक्षा झाली. १४ एप्रिल २०२० ची जयंती कडक टाळेबंदीत आली. ज्या दिवसासाठी वस्ती वर्षभर वाट पाहते, वर्गणी काढते, नवे कपडे शिवते, त्या दिवशी रस्ता रिकामा होता. लोकांनी घरात फोटोला हार घातला, दारात मेणबत्ती लावली, पोरांकडून पुस्तक वाचून घेतले. काही मंडळांनी जयंतीची वर्गणी धान्याच्या किटवर खर्च केली. १ जानेवारी २०२१ ला कोरेगाव भीमा येथे गर्दी करू नये असे प्रशासनाने सांगितले, विजयस्तंभाच्या अभिवादनाचे थेट प्रक्षेपण झाले आणि लोकांनी घरूनच मानवंदना दिली. मन दुखले, पण लोकांनी ऐकले. गर्दीचा निर्णय आपण वेळेवर घेऊ शकतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले आहे. पुढे कधी वेळ आली तर नेत्यांची वाट न पाहता वस्तीच्या कमिटीने तो घ्यावा.

मोजमाप झाले तेव्हा काय निघाले

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ.

२० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या दिवसांत पुण्यात एक पाहणी झाली. सावित्रीबाईंचे नाव असलेले पुणे विद्यापीठ, आयसर ही विज्ञान संस्था आणि महापालिका यांनी इतर संस्थांच्या मदतीने ती केली. रुग्ण जास्त असलेल्या पाच प्रभागांतल्या १,६६४ लोकांचे रक्त तपासले. रक्तात कोरोनाच्या विरोधातली प्रतिपिंडे सापडली, तर त्या माणसाला आजार होऊन गेला असे समजायचे, मग त्याला कळले असो वा नसो.

एकूण ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. म्हणजे या भागांत दर दोन माणसांत एकाला आजार होऊन गेला होता. लोहियानगर-कासेवाडी प्रभागात हे प्रमाण सर्वांत जास्त, ६५.४ टक्के. कसबा-सोमवार पेठेत सर्वांत कमी, ३६.१ टक्के. घराच्या प्रकाराप्रमाणे पाहिले तर झोपडीत राहणाऱ्यांत ६२ टक्के आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांत ३३ टक्के. आणि सर्वांत बोलका आकडा हा: ज्यांच्या घरात स्वतःचा संडास आहे त्यांच्यात ४५.३ टक्के, आणि जे सार्वजनिक संडास वापरतात त्यांच्यात ६२.३ टक्के.

हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. "झोपडपट्टीवाले ऐकत नाहीत, मास्क लावत नाहीत, म्हणून पसरतो" असे तेव्हा सर्रास बोलले जायचे. घरात थांबा, असे सगळे सांगत होते. पण सकाळी हातात डबा घेऊन रांगेत उभे राहायचे तर घरात कसे थांबणार? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतील तर वेगळी खोली कुठून आणणार? लोकांच्या वागण्यावर बोट ठेवणे सोपे असते. घर आणि संडास बदलायला पैसा लागतो, आणि तिथे बोट ठेवायला कोणी पुढे येत नाही.

यामागचे शास्त्रही साधे आहे. कोरोना मुख्यतः श्वासातून पसरतो. माणूस बोलतो, खोकतो, नुसता श्वास घेतो तेव्हा बारीक थेंब हवेत जातात. मोकळ्या जागी ते विरून जातात. बंद, कोंदट, दाटीच्या जागी ते तरंगत राहतात. सार्वजनिक संडासाची खिडकी फुटलेल्या फरशीने बुजवलेली, दिवा नाही, बाहेर रांगेत माणसे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. दरवाजाच्या कडीवर फवारणी केली, हे ठीक. पण खिडकी मोकळी केली असती आणि दोन सीट वाढवल्या असत्या, तर त्याचा उपयोग जास्त झाला असता.

शहराने मैदानावर ८०० खाटा उभ्या केल्या, परीक्षा फोनवर नेली, पालखी बसमध्ये बसवली. संडासाची रांग मात्र होती तेवढीच राहिली.

आमच्याकडूनही चुकले

दोष फक्त महापालिकेला देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आमच्या गल्लीतल्या एक ताई चौदा दिवस सेंटरमध्ये राहून बऱ्या होऊन आल्या. त्या नळावर हंडा घेऊन आल्या तशी रांग मागे सरकली. कोणी बोलले नाही, पण त्यांचा हंडा एकटाच राहिला. त्या रात्री त्यांनी आमच्यातल्या एकीला विचारले, "माझ्या आजीला पाणवठ्यावर असंच करायचे ना?" त्या प्रश्नाला आमच्याकडे आजही उत्तर नाही. ज्यांच्या पूर्वजांनी विटाळ भोगला, त्यांनी आजारी माणसाला विटाळ मानावा, यासारखी लाज दुसरी नाही. शिवाय यातून आरोग्याचे नुकसानही होते. लोक आजार लपवतात, तपासणी टाळतात आणि दवाखान्यात उशिरा पोहोचतात.

दुसरी चूक अशी की कोरोनाच्या धास्तीत बाकीचे आजार आम्ही विसरलो. देशात २०१९ साली क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० साली ती सुमारे १८ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला नव्हता, लोक तपासणीलाच गेले नाहीत. बाळांचे डोस चुकले, गरोदर बायांच्या तपासण्या राहिल्या, शुगर-बीपीच्या गोळ्या मध्येच बंद झाल्या.

आणि तिसरी गोष्ट. शहर बंद असताना कचरा रोज उचलला जात होता. महापालिकेचे सफाई सेवक आणि स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बाया दारोदार फिरत होत्या. त्यांत आपल्याच घरच्या किती जणी होत्या हे सांगायला नको. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. पण त्यांच्याच हातात लोकांनी वापरलेले मास्क, डायपर, पॅड सगळे एकत्र टाकून दिले.

वस्तीने आता काय करावे

साथ आल्यावर कमिटी नेमून उपयोग नसतो. पुढची कामे शांत दिवसांत करायची आहेत. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या एका बैठकीत ती वाटून घेता येतील.

१. संडास मोजा. वस्तीत सार्वजनिक संडासाच्या चालू सीट किती, बंद किती, वापरणारे पुरुष किती, बाया किती, याची वहीत नोंद करा. स्वच्छ भारत अभियानाच्या मापाप्रमाणे ३५ पुरुषांमागे एक आणि २५ महिलांमागे एक सीट हवी. कमी पडत असतील तर आकड्यांसह क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. घरात जागा असेल त्यांनी वैयक्तिक शौचालयाच्या अनुदानाची चौकशी करावी.

२. हवा खेळू द्या. संडासाच्या आणि घराच्या खिडक्या बुजवू नका. रात्री दार बंद करावे लागत असेल तर वरच्या बाजूला झरोका ठेवा. कोरोनाला जे लागू तेच क्षयरोगाला.

३. गल्लीची यादी ठेवा. एकटे म्हातारे, गरोदर बाया, तान्ही बाळे, बीपी-शुगर-टीबीची औषधे घेणारे, डायलिसिसचे रुग्ण यांची यादी गल्लीतल्या एका जबाबदार ताईंकडे असावी. आशाताई आणि अंगणवाडी ताईंशी ओळख आजच करा. साथीत दारात पहिल्यांदा त्याच येतात.

४. कागद पुरे करा. रेशन कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का ते पाहा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार लागते. रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या दारात कागद शोधत बसण्याची पाळी येऊ नये.

५. विहारात दोन ऑक्सिमीटर आणि दोन थर्मामीटर ठेवा. साथीच्या दिवसांत ताप-खोकला असलेल्या माणसाचा ऑक्सिजन रोज दोनदा मोजा. तो ९४ च्या खाली गेला, धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळसर झाले किंवा माणूस गुंगीत गेला तर थांबू नका, १०८ ला फोन करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर साथ असो-नसो, थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

६. पोरांसाठी जागा ठेवा. समाजमंदिरात खिडक्या उघड्या ठेवून, थोड्या-थोड्या पोरांना वेळ वाटून बसता येईल आणि एखादा फोन किंवा संगणक सामायिक वापरता येईल, अशी सोय करा. फॉर्म भरून देणारी दोन-तीन शिकलेली पोरे तयार ठेवा. दुसऱ्या लाटेत अठरा वर्षांवरच्यांना लस सुरू झाली तेव्हा सुरुवातीला फोनवर नोंदणी केल्याशिवाय ती मिळत नव्हती, हे विसरू नका.

७. कचरा वेगळा द्या. पॅड, डायपर, मास्क कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. उचलणारीला आत काय आहे ते हात न लावता कळते.

८. बरा झालेला माणूस घरी आला की कमिटीतल्या दोघांनी त्याच्या दारात जाऊन चहा घ्यावा. मुदत संपल्यावर त्याच्यापासून धोका नसतो, हे गल्लीला दाखवून द्यायला याहून सोपा उपाय नाही.

यातल्या पहिल्या कामाला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त दिवस लागतील, म्हणून सुरुवात तिथून करावी. आमच्या वस्तीत आम्ही मोजणी केली. एका रविवारी सहा बाया आणि चार पोरांनी मिळून दोन तासांत ती संपवली. अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे, सीट अजून वाढलेल्या नाहीत. पण बंद असलेल्या तीन दुरुस्त झाल्या आणि बायकांच्या बाजूला दिवा लागला. पाठपुरावा चालू आहे.

सावित्रीबाईंच्या वेळी पुण्यात जम्बो रुग्णालय नव्हते, ऑक्सिमीटर नव्हता, लसही मिळत नव्हती. त्यांच्याकडे पाठ होती आणि त्या पाठीवर त्यांनी आपल्या वस्तीतले मूल घेतले. येत्या १० मार्चला फोटोला हार घालून झाला की लगेच वही-पेन काढा आणि संडासाच्या सीट मोजायला निघा. तुमच्या वस्तीत काय निघाले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकांत या पानावर ते छापू.